झरोक्यांचं विमान

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी लिही, पण कंटाळवाणं नको." माझं क्षेत्र म्हणजे बँकांची सॉफ्टवेअरं. ती कंटाळवाणीच असतात, आणि ती मजेदार व्हायला लागली की आम्हाला रात्री दोन वाजता फोन येतात. त्यामुळे त्यावर लिहीत नाही. २००३ ते २००६ या काळात आधी अंबरनाथच्या आणि मग बदलापूरच्या घरात, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, मी एक विमान बनवलं. कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये उडणारं, फुकट वाटलेलं बोइंग ७४७. त्याचा इतिहास लिहिते. इतिहासाचे सर हे वाचणार आहेत म्हणून सनावळ्या दोनदा तपासल्या आहेत. दहावीत तेवढं केलं असतं तर सरांनी प्रगतिपुस्तकावर जे लिहिलं ते लिहिलं नसतं.

ज्यांना सिम्युलेटर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गेम म्हणून विकला जातो, पण यात कुणी मरत नाही, गुण मिळत नाहीत आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. तुम्ही विमान सुरू करता, धावपट्टीवर नेता, उडवता, दुसरीकडे उतरवता. बस्स. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक नावाच्या विद्यार्थ्याने १९७५ मध्ये एम.एस.चा प्रबंध लिहिला, विषय होता विमानाचं उड्डाण कॉम्प्युटरच्या पडद्यावर हलत्या चित्रातून कसं दाखवता येईल. त्यातून त्याने एक छोटी कंपनी काढली, अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर आणला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीसाठी घेतला. म्हणजे विंडोजच्या आधी मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर होता. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच्या आवृत्त्या येत राहिल्या, आणि बरीच वर्षं तो सुरू केला की तुम्ही शिकागोच्या तळ्याकाठी असलेल्या मीग्ज फील्ड नावाच्या लहानशा विमानतळावर उभे असायचा. जगातल्या लाखो लोकांनी पहिलं उड्डाण तिथून केलं, शिकागो कधीही न पाहता. २००३ च्या मार्चअखेरीस शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर पाठवून ती धावपट्टी उखडून टाकली. मी अंबरनाथमध्ये बसून ती बातमी वाचली आणि मला आपलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. आईने विचारलं, "तुझं काय अडकलंय तिथे?" सांगता येईना.

पण मला ओढ लागली ती उडवण्याची नाही, बनवण्याची. सिम्युलेटरसोबत मोजकीच विमानं मिळायची. बाकीची लोक स्वतः बनवून एकमेकांना वाटायचे. यालाच फ्रीवेअर म्हणतात. त्या काळात जपानपासून ब्राझीलपर्यंत पसरलेल्या अशा मंडळींचे गट होते. प्रोजेक्ट ओपनस्काय हा त्यातला एक मोठा गट, बोइंगच्या मोठ्या विमानांसाठी नावाजलेला. कामाची वाटणी एखाद्या गणेशमंडळासारखी. एकजण विमानाचा आकार बांधणार, दुसरा त्याच्या उड्डाणाचे आकडे जुळवणार, म्हणजे वजन किती, पंखांची उचल किती, इंजिनाचा जोर किती. तिसरा कॉकपिटमधली घड्याळं लिहिणार, चौथा आवाज गोळा करणार. आणि मग रंगारी येणार. एकच विमान शंभर कंपन्यांच्या रंगांत रंगवून घेणारे लोक होते. वर्गणी नाही, मानधन नाही, एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. सगळ्या कराराचा कागद म्हणजे विमानासोबत जोडलेली एक साधी मजकुराची फाइल, रीडमी. त्यात लिहिलेलं असायचं: हे फुकट आहे, विकू नका, बदल केलात तर मूळ करणाऱ्यांची नावं ठेवा. एवढ्या बळावर तो कारभार वर्षानुवर्षं चालला.

मी २००२ साली इंजिनिअर झाले. डॉटकॉमचा फुगा फुटून दोन वर्षं झाली होती, नोकऱ्यांचा दुष्काळ होता हे आपल्या बॅचच्या सगळ्याच इंजिनिअरांना आठवत असेल. मला डोंबिवलीत एका क्लासमध्ये सी प्लस प्लस शिकवायचं काम मिळालं होतं, तेही आठवड्यातून तीन दिवस. उरलेला वेळ आणि असेंबल केलेला एक कॉम्प्युटर. त्याचे अर्धे भाग उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून आणलेले. जॉयस्टिकही तिथलीच, खोक्यावर ठळक अक्षरांत मेड इन यूएसए. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण पाचवीपासून करत आलोय. ती जॉयस्टिक मात्र अकरा वर्षं टिकली.

तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरबरोबर जीमॅक्स नावाचं त्रिमितीय आकार बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं. त्यात मी पहिलं काय बनवलं असेल तर शाळेतला बाक. दुसरं, अंबरनाथच्या शिवमंदिराचा तळखडा. इ.स. १०६० च्या त्या मंदिराच्या भिंतीला इतके कोन आहेत की माझा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. मग विमानाकडे वळले.

७४७ का, याचं उत्तर आकाशात आहे. आपण मैदानावर कवायतीला उभे असताना मलंगगडाच्या बाजूने मुंबईकडे उतरणारी विमानं जायची, आणि पुढचा भाग कुबडासारखा वर आलेलं एक विमान आपल्याला सगळ्यांना ओळखता यायचं. पीटीचे सर शिट्टी वाजवायचे तरी माना वरच. आणि एअर इंडियाचंच का, याचं उत्तर खिडक्यांत आहे. एअर इंडियाने १९७१ मध्ये पहिलं ७४७ आणलं तेव्हा प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून लाल रंगाची महिरप काढली होती, राजवाड्याच्या झरोक्यासारखी. जाहिरातीत त्याला आकाशातला महालच म्हणत. विमानांना सम्राटांची नावं दिली: अशोक, शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, अकबर, चंद्रगुप्त, कनिष्क, कृष्णदेवराय. इतर कंपन्या शेपटीवर रंगाचा पट्टा ओढून मोकळ्या होत होत्या तेव्हा कुणीतरी बसून शेकडो महिरपी काढायचं ठरवलं, याचं मला आजही नवल वाटतं. फ्रीवेअरमध्ये ७४७ बरीच होती, पण जुनं, १९७१ सालचं, झरोके नीट असलेलं मला सापडलं नाही. जी होती त्यांच्या खिडक्यांभोवती नुसता लाल धुरळा.

त्या धुरळ्याचं कारण मला काम करताना कळलं. विमानाच्या अंगावरचा रंग म्हणजे एक चौकोनी चित्र, तेव्हा जास्तीत जास्त १०२४ ठिपके लांब. विमान ७०.६ मीटर लांब. भागाकार करा: एक ठिपका म्हणजे जवळजवळ ७ सेंटीमीटर. पाऊण-एक फुटाची खिडकी त्यात चार ठिपक्यांची होते. चार ठिपक्यांत महिरप काढून दाखवा! चित्रकलेच्या सरांनासुद्धा जमणार नाही. उपाय असा की विमानाच्या धडाचे लांबीत तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र चित्र द्यायचं. मग एका खिडकीला अकरा-बारा ठिपके मिळतात, तेवढ्यात कमान आणि तिचं टोक बसतं. पण तुकडे जिथे जुळतात तिथे रंगाची रेघ फुटते, आणि ती बुजवायला मला चार महिने लागले. उजवी बाजू डाव्या बाजूचं प्रतिबिंब करून वेळ वाचवला तर उजवीकडे विमानाचं नाव आरशातल्यासारखं उलटं उमटलं. ते माझ्या लक्षात आलं नाही. एका चाचणीवाल्याने फोटो पाठवून विचारलं, ही कुठली भारतीय लिपी?

आकारासाठी नकाशे लागतात. बोइंग कंपनी विमानतळ बांधणाऱ्यांसाठी प्रत्येक विमानाच्या मापांचं पुस्तक प्रसिद्ध करते, कुणालाही मिळतं. पंखांची रुंदी ५९.६ मीटर, पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंत अंतर २५.६ मीटर, दारं कुठे, वळताना किती जागा लागते, सगळं. मी त्याची छापील प्रत काढून घरी आणली आणि ती बाबांच्या हाती लागली.

माझे बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये ड्रॉइंग ऑफिसला होते, हे तुमच्यातल्या कॉलनीवाल्यांना माहीत आहे. तोपर्यंत माझ्या या उद्योगाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मुलगी रात्री खेळते एवढंच. पण ड्रॉइंग म्हटल्यावर चष्मा पुसून बसले. तासाभराने म्हणाले, "ड्रॉइंग चांगलं आहे. तुझं विमान मात्र चुकलंय." मी वरून, समोरून आणि बाजूने अशी तीन दृश्यं कॉम्प्युटरमध्ये लावली होती, पण त्यांची मापं एकमेकांशी अर्ध्या टक्क्याने जुळत नव्हती. झेरॉक्स काढताना कागद ताणला गेला होता. अर्धा टक्का म्हणजे सत्तर मीटरवर पस्तीस सेंटीमीटर. भूमितीच्या बाईंनी फळ्यावर वहीच्या रेघा मोजून लंब काढायला लावला होता ते दिवस आठवले. बाबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आपली जुनी स्केलपट्टी आणली. त्यानंतर दीड वर्ष प्रत्येक भाग त्यांच्याकडून पास होऊन पुढे गेला. मी नोकरीला लागले, अंधेरीला जायला लागले, सकाळी ७:०२ ची लोकल आणि रात्री साडेनऊला घरी. टेबलावर बाबांचा कागद ठेवलेला असायचा: "मागच्या चाकांचे चार संच आहेत. पंखाखालचे दोन पुढे, पोटाखालचे दोन थोडे मागे. तू एका रेषेत घेतलेस."

चाकांबद्दल त्यांना एवढी आस्था का, ते एकदा जेवताना निघालं. १९७१ साली ते एकोणीस वर्षांचे अ‍ॅप्रेंटिस होते. एका रविवारी मित्रांबरोबर जुहूला गेले असताना सांताक्रूझहून उडालेलं ते नवं ७४७ त्यांच्या डोक्यावरून समुद्राकडे गेलं. सगळे झरोके बघायला आले होते. "झरोके कसले दिसतायत? खालून पोट दिसलं आणि चाकं. अठरा मोजली. चाकांचे संच हवेत तिरके लोंबत होते आणि एकेक आत जात होते." ते चित्र त्यांनी डोक्यात तीस वर्षं जपलं होतं आणि मी चाकं सरळ लोंबवली होती. बदलली.

विमानाचा नोंदणी क्रमांक काय घालायचा, तिथे आमचं पहिल्यांदा खटकलं. एअर इंडियाचं पहिलं ७४७ म्हणजे व्हीटी-ईबीडी, सम्राट अशोक. व्हीटी ही भारतातल्या विमानांची खूण, आणि तिचा अर्थ 'व्हाइसरॉयचा प्रदेश' असा असल्याचा संदेश तुम्हा सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असेल. तो खरा नाही; ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना व्ही अक्षराने सुरू होणाऱ्या खुणा वाटून दिल्या होत्या, त्यात आपल्याला टी आला, ऑस्ट्रेलियाला एच. हे विषयांतर. बाबा म्हणाले, "ईबीडी नको. ते बुडालेलं विमान आहे."

१ जानेवारी १९७८, रविवार. रात्री सम्राट अशोक दुबईला जायला सांताक्रूझहून पश्चिमेकडे उडालं. किनारा ओलांडल्यावर त्याने उजवीकडे थोडं वळण घेतलं आणि पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान कुठल्या बाजूला किती कललंय ते दाखवणारं उपकरण, उजवीकडे कललेलं दाखवतच राहिलं. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, खरं क्षितिज दिसायला काहीच नाही. कॅप्टनने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवलं, आणखी वळवलं, ते उलटं व्हायला आलं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात गेलं. उड्डाणापासून १०१ सेकंद. २१३ माणसं होती, एकही वाचला नाही. विमानात बाकी काहीच मोडलेलं नव्हतं. इंजिनं चालू होती, पंख शाबूत होते. पुढे अमेरिकेतल्या न्यायालयात उपकरणं बनवणाऱ्यांवर आणि बोइंगवर दावा चालला, १९८५ साली तो फेटाळला गेला. त्याच १९८५ च्या जूनमध्ये सम्राट कनिष्क आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने पडलं, ३२९ माणसं गेली; त्यामुळे लोकांच्या आठवणीत कनिष्क राहिलं आणि अशोक मागे पडलं.

मी बाबांना म्हटलं, दुसरा नंबर घालते, शाहजहानचा. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी टेबलावर कागद: "ड्रॉइंगवर जे बनवलंस त्याचं नाव लिहावं. पहिलं बनवत असशील तर पहिल्याचं लिही. पण खाली तारीख लिही, कधी आलं आणि कधी गेलं." ऑर्डनन्सच्या कागदावर कोपऱ्यात चौकट असते ना, कुणी काढलं, कुणी तपासलं, तारीख, तशी. ईबीडी राहिलं.

त्यानंतर मी असं काहीतरी केलं जे मी फार लोकांना सांगितलेलं नाही. सिम्युलेटरमध्ये कॉकपिटमधली घड्याळं आपण लिहितो, आणि कॅप्टनचं क्षितिज, को-पायलटचं क्षितिज आणि मधलं राखीव क्षितिज ही तिन्ही साधारणपणे सिम्युलेटरच्या एकाच आकड्यावरून चित्र काढतात. त्यामुळे तिथे ती कधी एकमेकांशी भांडत नाहीत. खऱ्या विमानात त्यांची माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून येते, ती भांडू शकतात, आणि म्हणूनच तर तीन असतात. मी तिन्हींना स्वतंत्र आकडे दिले. मग एका रात्री कॅप्टनचं क्षितिज उजव्या वळणावर गोठवणाऱ्या चार ओळी लिहिल्या, सिम्युलेटरमध्ये तारीख-वेळ लावली, मुंबईच्या धावपट्टीवरून उडाले. मला काय होणार ते ठाऊक होतं. उपकरण खोटं आहे हे मीच लिहिलं होतं. तरी समोरचं चित्र उजवीकडे झुकलेलं दिसलं की हात आपोआप डावीकडे जातो. शेजारचं दुसरं क्षितिज खरं सांगत होतं, पण दोघांपैकी कोण खोटं हे ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिथे नाही. मी पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा, आधीच ठरवून, राखीव क्षितिजाकडे बघत बसले आणि वाचले. पण ते वाचणं खोटं होतं, कारण मी घरात खुर्चीवर होते, मला उत्तर आधीच माहीत होतं आणि माझ्यामागे दोनशे माणसं नव्हती. त्या अपघाताबद्दल बोलताना "त्यांनी दुसरं उपकरण बघायला नको का?" असं म्हणणाऱ्यांत मीही होते. त्या रात्रीपासून म्हणत नाही.

ज्या चाचणीवाल्यांना मी हे सांगितलं त्यातल्या दोघांनी आग्रह धरला की विमानासोबत हा "अपघाताचा पर्याय" पण दे, लोकांना आवडेल. आवडलाच असता, यात शंका नाही. मी दिला नाही. त्या चार ओळी पुसल्या. तीन स्वतंत्र क्षितिजं मात्र ठेवली.

आता महापुराकडे येते. २००४ च्या दिवाळीत आम्ही बदलापूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. तळमजला, कारण आईचे गुडघे. २६ जुलै २००५ चं तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्यापैकी प्रत्येकाची त्या दिवसाची एक गोष्ट आहे. माझी अशी की मी अंधेरीला ऑफिसात अडकले आणि तिसऱ्या दिवशी घरी पोहोचले. उल्हास नदीचं पाणी घरात चार फूट चढलं होतं. आई-बाबा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होते. भिंतीवर चिखलाची रेघ, खाली गादीचा लगदा, आणि टेबलाखाली, जिथे तो नेहमी असायचा, माझा सीपीयू. आत गाळ. सगळं विमान त्यात होतं. मी शहाणपणाने सीडीवर प्रत काढून ठेवली होती, ती त्याच टेबलाच्या खालच्या खणात.

बाबांना पाणी चढताना एकच फेरी वर करता आली होती. आईला वर सोडून ते परत आले आणि त्यांनी काय उचललं? रेशनकार्ड आणि घराच्या कागदांची पिशवी, आणि ड्रॉइंगची फाइल. दोन वर्षांचे टेबलावरचे सगळे कागद, मापं, दुरुस्त्या. शेजारचा सीपीयू तिथेच ठेवून. मी चिडले, हे कबूल करते. तीन दिवस पायपीट करून आलेली होते. ते म्हणाले, "मूळ ड्रॉइंग आहे. पार्ट पुन्हा काढता येतो." त्यांच्या लेखी काम कागदावर होतं, डबा हे मशीन होतं.

दीड महिन्याने ऑफिसातून मेल उघडून चाचणीवाल्या चौघांना कळवलं की विमान संपलं. त्यातले एक नेदरलँड्समधले निवृत्त शिक्षक होते, चाकांच्या हालचालीत माझी मदत करणारे. त्यासाठी मी त्यांना वसंत ऋतूत, म्हणजे त्यांच्या, माझ्या मूळ फाइली पाठवल्या होत्या. तेव्हा आमच्याकडे फोनच्या लाइनवरचं इंटरनेट, फाइल निम्मी गेली की लाइन तुटायची आणि वर भारनियमन. एक फाइल पाठवायला तीन रात्री लागल्या म्हणून मी तेव्हा वैतागले होते. त्यांनी ती जपून ठेवली होती. परत पाठवली. एप्रिलपर्यंतचं विमान परत आलं, झरोक्यांचा पहिला तुकडा धरून. एप्रिल ते जुलैमधलं बाबांच्या कागदांवरून पुन्हा केलं. फाइल मी फुकट वाटली नसती तर ती त्या खणातच बुडाली असती, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त हे सुचलं की त्या गृहस्थांना हापूस कसे पाठवता येतील. आले नाहीत पाठवता.

२००६ च्या उन्हाळ्यात विमान प्रसिद्ध केलं. रीडमीमध्ये इंग्रजीत नियम आणि नावं, आणि खाली मराठीत बाबांची चौकट: काढलं, तपासलं, तारीख. त्याखाली: सम्राट अशोक, १९७१ ते १ जानेवारी १९७८. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली आणि आमचं विमान चार महिन्यांत जुनं झालं. असो. लोकांनी उडवलं. अनेक वर्षं अधूनमधून पत्रं यायची. मस्कतहून एकाने लिहिलं की लहानपणी या विमानाने आलो होतो, खिडकीबाहेर वाकून झरोका दिसतो का ते बघत होतो. मुंबईत एका फुटपाथवर "पाचशे विमानं" नावाची सीडी शंभर रुपयांना विकायला होती, तिच्यात माझं निघालं. रीडमी काढून टाकलेली. मी ती सीडी विकत घेतली, घासाघीस करून साठला.

सिम्युलेटर बनवणारा मायक्रोसॉफ्टचा विभाग जानेवारी २००९ मध्ये बंद झाला. मध्ये अकरा वर्षं गेली आणि २०२० मध्ये पुन्हा नवा आला, तोही असा की उपग्रहाच्या चित्रांवरून सगळी पृथ्वी त्यात. मी पहिल्या रात्री काय केलं असेल? मुंबईहून उडून घरी आले. रेल्वेची रेघ धरून कल्याण, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. वालधुनी नाल्यासारखी दिसते, तशी ती आहेच. मलंगगड आता मलंगगडासारखा दिसतो. माझ्या जुन्या सिम्युलेटरमध्ये तो डोंगर म्हणजे उशीखाली ठेवलेली वाटी होती. आणि वाटेत नेवाळी लागली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतजमिनी घेऊन तिथे धावपट्टी केली होती, त्याच काळात ज्या लष्करी छावण्या उठल्या त्यांचं पुढे निर्वासितांचं उल्हासनगर झालं. १९४९ मध्ये नाव मिळालं आणि कॅम्पचे नंबर तसेच राहिले. आपण सायकली घेऊन "विमानतळावर" जायचो ती हीच जागा. सिम्युलेटरमधल्या विमानतळांच्या यादीत ती नाही. मी एकदा माझ्यापुरती घालायला बसले होते, २०१७ च्या जूनमध्ये. त्याच महिन्यात तिथल्या शेतकऱ्यांचं जमिनीसाठीचं आंदोलन पेटलं, रस्ते बंद झाले, आपल्या बॅचमधल्या दोन घरांचे लोक त्यात होते. शेतात सरळ रेघ ओढून तिच्यावर नंबर टाकायचा, एवढंच काम होतं. हात चालला नाही. ते तसंच पडलंय.

एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचं एक ७४७ मुंबईहून शेवटचं उडालं. उडताना त्याने दोन्ही बाजूंना पंख हलवून निरोप घेतला, त्याची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. बाबांनी ती फोनवर सात-आठ वेळा पाहिली. मग म्हणाले, "आपलं नवीन सिम्युलेटरला चालतं का?" चालत नाही. जीमॅक्स केव्हाच बंद झालं. जुन्या फाइली आता ब्लेंडरमध्ये उघडून एकेक भाग नव्याने बसवावा लागतो. दोन वर्षं तेच चाललंय. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि नव्या पडद्यावर त्यांना आता पूर्वीपेक्षा जास्त चुका दिसतात. आता एका चित्रात ४०९६ ठिपके मिळतात, एका झरोक्याला जागाच जागा. त्यामुळे महिरपीच्या टोकाचा बाक नेमका कसा होता हा नवाच प्रश्न उभा राहिला आहे, आणि जुने फोटो पुरत नाहीत. तुमच्या घरी कुणाचा १९७१ ते १९७८ मधला विमानतळावरचा फोटो असेल, पाठीमागे विमान आलेलं, तर कृपया शोधा. मामा-काका गल्फला निघालेत, गळ्यात हार, सगळं घर सांताक्रूझला पोचवायला आलंय, असे फोटो उल्हासनगरच्या घरांत नक्की असतील.

स्नेहमेळाव्याला लॅपटॉप आणते आहे. उजवीकडचे झरोके अजून व्हायचे आहेत, म्हणून विमान डावीकडूनच बघायचं. जॉयस्टिक एकच आहे. पहिला मान भूमितीच्या बाईंचा, मग इतिहासाच्या सरांचा, मग हजेरीपटाप्रमाणे. बाबा शेजारी बसणार आहेत. उडाल्यावर चाकं वर घ्यायला विसरू नका, ते बोलतात.